पाचोळ्याच्या दिवसांत ब्लोअर घेताना

जानेवारी ते मार्च हे बेंगळुरूजवळच्या आनेकल भागात पाचोळ्याचे दिवस. आवारात करंज, ताबेबुया किंवा सिल्व्हर ओक असेल, तर सकाळी झाडलेलं अंगण दुपारी पुन्हा भरलेलं दिसतं.

दुकानात आधी हाती पडतो तो पाच-सहाशे वॅटचा, वायरवर चालणारा छोटा ब्लोअर. पोर्च, गच्ची, गाडी उभी करायची जागा एवढ्याला तो छान पुरतो. मोठ्या आवाराला मात्र नाही.

खोक्यावर हवेचा वेग ठळक छापलेला असतो, पण त्यावर भुलू नये. कोरडा पाचोळा ढकलायला दर मिनिटाला किती घनमीटर हवा येते हे महत्त्वाचं. वेग लागतो तो फरशीला चिकटलेल्या ओल्या पानांना. बॅटरीवर चालणारा ब्लोअर घ्यायचा तर बॅटरीचं गणित सोपं आहे: 18 व्होल्ट, 4 अँपिअर-अवर म्हणजे 72 वॅट-अवर. मोटर 300 वॅट ओढत असेल तर जेमतेम 14 मिनिटं. म्हणून दुसरी बॅटरी सोबतच घ्यावी.

पेट्रोलवाला टू-स्ट्रोक ब्लोअर घरासाठी नकोच, त्याचा आवाज आणि धूर दोन्ही जास्त. भारतात निवासी भागाची दिवसाची आवाजमर्यादा 55 डेसिबल आहे आणि कॅलिफोर्नियाने तर 2024 पासून अशा नव्या यंत्रांची विक्रीच थांबवली.

पाचोळा उडवताना गॉगल आणि मास्क हवाच; आनेकलची लाल माती कोरडी झाली की पिठासारखी उडते. नळी जमिनीलगत, तिरपी धरावी आणि वाऱ्याच्या दिशेनेच ढीग करावा. तो पेटवू नये: उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये 5,000 रुपये दंड ठरवला आहे. झाडांच्या आळ्यात तोच पाचोळा पसरला, तर उन्हाळ्यात पाणी कमी लागतं.