सेवा क्लब आणि स्वयंसेवक : एकदिवसीय उपक्रमाकडून सातत्यपूर्ण सेवेकडे

प्रस्तावना

महाराष्ट्रातील जिल्ह्याच्या आणि बहुतेक मोठ्या तालुक्याच्या ठिकाणी रोटरी, लायन्स किंवा तत्सम एखादा सेवा क्लब कार्यरत असल्याचे आढळते. शाळा सुरू होताना वह्यावाटप, पावसाळ्यात वृक्षारोपण, वर्षातून एक-दोन रक्तदान शिबिरे, मोतीबिंदू तपासणी हे या क्लबांचे परिचित उपक्रम होत. गावातील डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्याबरोबर महाविद्यालयीन प्राध्यापकही त्यांचे सदस्य असतात, आणि शिबिराच्या दिवशी लागणारे मनुष्यबळ पुष्कळदा महाविद्यालयातूनच पुरविले जाते. असे असूनही या स्वयंसेवेचे स्वरूप, तिचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा यांविषयी शैक्षणिक वर्तुळात फारशी चर्चा होत नाही. प्रस्तुत लेखात सेवा क्लबमधील स्वयंसेवकाच्या कार्याचे स्वरूप तीन उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. स्वयंसेवकाच्या कामाचे मोल उपक्रमाच्या भव्यतेवर अवलंबून नसून, तो त्याच माणसांकडे पुन्हा जातो की नाही यावर अवलंबून आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

संकल्पना व ऐतिहासिक पार्श्वभूमी

आपापला व्यवसाय सांभाळून नियमितपणे एकत्र येणाऱ्या आणि परिसरातील लोकांसाठी विनामोबदला काम करणाऱ्या सदस्यांची संघटना म्हणजे सेवा क्लब, अशी ढोबळ व्याख्या करता येईल. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो येथे पॉल हॅरिस या वकिलाने आपल्या तीन सहकाऱ्यांसह पहिली बैठक घेतली. सदस्यांच्या कार्यालयांत आळीपाळीने बैठका होत, म्हणून ‘रोटरी’ हे नाव पडले. आरंभी परस्परपरिचय आणि व्यावसायिक साहाय्य हाच हेतू होता. लोकसेवेचा विचार नंतर आला. शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृहे उभारली जावीत यासाठी केलेला पाठपुरावा हे या क्लबचे पहिले उल्लेखनीय लोकोपयोगी काम मानले जाते. १९१७ मध्ये मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने लायन्स क्लबची स्थापना झाली. भारतात रोटरीचा पहिला क्लब १९१९ मध्ये कोलकात्यात, तर मुंबईचा क्लब १९२९ मध्ये स्थापन झाला. लायन्सचा भारतातील प्रारंभ १९५६ मध्ये मुंबईतून झाला.

रोटरीचा जन्म झाला त्याच वर्षी, १२ जून १९०५ रोजी, पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. दोहोंच्या कल्पनेत मात्र मूलभूत फरक होता. गोखल्यांना आयुष्य वाहिलेले, निर्वाहापुरते वेतन घेणारे सेवक अभिप्रेत होते; क्लबच्या सदस्याने आपला व्यवसाय न सोडता फावल्या वेळेचा काही भाग द्यावा, एवढीच अपेक्षा होती. या दोन टोकांमध्ये दुवा साधण्याचा प्रयत्नही महाराष्ट्रातच झाला. भारत सेवक समाजाचे सदस्य नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. तिच्या वतीने कामगारवस्त्यांत रात्रशाळा व वाचनालये चालविली गेली. रात्रशाळा रोज भरते, वाचनालय रोज उघडावे लागते. फावल्या वेळेतील सेवाही नेमाची असू शकते, हे अशा कामांतून दिसून येते.

क्लबची रचना आणि तिचे परिणाम

रोटरी आणि लायन्स या दोन्ही संघटनांचे कार्यवर्ष १ जुलै ते ३० जून असे असते. दरवर्षी नवा अध्यक्ष पदग्रहण करतो, नवी कार्यकारिणी येते. नेतृत्वाची संधी अनेकांना मिळते आणि सत्ता एका हाती साचत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. तिचा दोषही त्यातच दडलेला आहे. प्रत्येक अध्यक्षाला आपल्या कारकिर्दीचा ठसा उमटविणारा नवा प्रकल्प हवा असतो. परिणामी गेल्या वर्षी लावलेल्या रोपांना पाणी कोण घालणार, हा प्रश्न कोणाच्याच कार्यकक्षेत राहत नाही. महाविद्यालयांतही विद्यार्थी दरवर्षी बदलतात. दोन्हीकडील बदल एकाच सुमारास होत असल्याने कामाची स्मृती जपणारे कोणीच उरत नाही. स्वयंसेवेतील सातत्याचा अभाव म्हणूनच केवळ व्यक्तींच्या उत्साहाचा प्रश्न नाही. तो रचनेचा प्रश्न आहे.

सातत्याची कसोटी : तीन उदाहरणे

१) पल्स पोलिओ मोहीम : रोटरीने १९८५ मध्ये पोलिओनिर्मूलनाचा जागतिक कार्यक्रम हाती घेतला. भारतात पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली. लस, शीतसाखळी आणि आरोग्य कर्मचारी ही शासनाची जबाबदारी होती. निधी, प्रचार, वाहने आणि मनुष्यबळ यांत क्लबच्या सदस्यांनी हातभार लावला. रविवारी बूथवर बालकांना दोन थेंब पाजणे आणि डाव्या हाताच्या करंगळीवर शाईची खूण करणे हे या मोहिमेचे सर्वांनी पाहिलेले दृश्य. परंतु मोहिमेचे खरे बळ त्यानंतरच्या दिवसांत होते. बूथनंतर पथके घरोघर जात. ज्या घरातील सर्व बालकांना डोस मिळाला असेल त्या घरावर खडूने ‘पी’ आणि ज्या घरातील एखादे बालक राहिले असेल त्या घरावर ‘एक्स’ अशी खूण केली जाई. ‘एक्स’ घरांना पुन्हा भेट देणे हे पुढचे काम असे. घर बंद असणे, मूल आजोळी गेलेले असणे किंवा कुटुंबाचा नकार असणे, यांतील प्रत्येक कारणावर उपाय वेगळा होता. उत्तर प्रदेशात नकाराचे प्रमाण अधिक असलेल्या वस्त्यांत रोटरीने उलेमांचे साहाय्य घेतले. अनोळखी माणसाने पटवून दिलेले जे पटत नव्हते, ते ओळखीच्या माणसाच्या शब्दामुळे पटले.

२००९ मध्ये देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते; २०१० मध्ये ४२ आणि २०११ मध्ये केवळ १. तो अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित केला. या यशाचे श्रेय एकट्या क्लबांचे नाही. त्यात लक्षावधी शासकीय कर्मचारी आणि अंगणवाडी सेविका यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. तथापि स्वयंसेवकाला नेमके, छोटे आणि पुनःपुन्हा करावयाचे काम दिल्यास केवढे कार्य उभे राहते, याचा तो सर्वोत्तम वस्तुपाठ होय.

२) रक्तदान : सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात रक्तविक्रीला बंदी आली आणि स्वेच्छा रक्तदानाचे महत्त्व वाढले. सेवा क्लबांनी शिबिरे भरवून ही गरज भागविण्यास मोठी मदत केली. मात्र रक्त फार काळ साठविता येत नाही, हे शिबिराच्या आयोजनात अनेकदा विसरले जाते. प्रचलित पद्धतीत तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस, तर प्लेटलेट्स अवघे ५ दिवस टिकतात. जयंती, वाढदिवस वा वर्धापनदिनी एकाच गावात दोन-तीन शिबिरे होतात, तेव्हा रक्तपेढीत गरजेपेक्षा अधिक साठा जमतो व त्यातील काही मुदतबाह्य होतो. उलट एप्रिल-मे मध्ये महाविद्यालयांना सुट्या लागतात, दाते गावी जातात आणि नेमका तेव्हाच तुटवडा जाणवतो. थॅलेसेमियाग्रस्त बालकाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. त्याला सुटी नसते.

उदाहरणादाखल, क्लब आणि महाविद्यालय मिळून २०० इच्छुक दाते आहेत असे मानू. सर्वांना एकाच दिवशी बोलाविल्यास वर्षाकाठी २०० पिशव्या मिळतील. त्याच दात्यांचे ५० जणांचे चार गट करून दरमहा एका गटाला बोलाविल्यास प्रत्येकाची पाळी चार महिन्यांनी येईल. पुरुषांसाठी तीन आणि स्त्रियांसाठी चार महिन्यांच्या अंतराचा नियमही पाळला जाईल. सर्वांनी पाळी सांभाळल्यास वर्षाला ६०० पिशव्या मिळतील आणि त्या बारा महिन्यांत विभागलेल्या असतील. प्रत्यक्षात काही दाते गळतील, काही अपात्र ठरतील. तरीही फरक मोठाच राहील. यासाठी मंडप लागत नाही. लागते ती दात्यांची यादी आणि दरमहा दूरध्वनी करणारा एक स्वयंसेवक.

३) मोतीबिंदू शिबिर : अंधत्वनिवारण हे लायन्सचे पूर्वापार कार्यक्षेत्र आहे. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात केलेल्या आवाहनापासून या कार्याला दिशा मिळाली. एकेकाळी गावातील शाळेत किंवा मंगल कार्यालयात तात्पुरते शस्त्रक्रियागृह उभारले जाई. जंतुसंसर्गाचा धोका ध्यानात घेऊन ही पद्धत मागे पडली. आता गावात तपासणी आणि सुसज्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया, अशी विभागणी केली जाते. क्लबचे काम बहुधा रुग्णाला घरी पोहोचविण्यापाशी संपते. वास्तविक शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे डोळ्यांत नियमित थेंब घालावे लागतात आणि फेरतपासणी आवश्यक असते. एकट्या राहणाऱ्या वृद्धेला ते थेंब कोण घालणार? डोळा लाल होऊन दुखू लागला, तर तिला डॉक्टरकडे कोण नेणार? एका स्वयंसेवकाकडे त्याच्याच वस्तीतील चार-पाच रुग्ण सोपविले, तर हा प्रश्न मोठ्या प्रमाणात सुटू शकतो.

मर्यादा

सेवा क्लबांवरील काही आक्षेप रास्त आहेत. त्यांचे सदस्यत्व बहुतांशी सुस्थित वर्गापुरते मर्यादित राहिले. स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व लायन्समध्ये १९८७ मध्ये आणि रोटरीमध्ये १९८९ मध्ये मिळाले. तोवर त्यांचा सहभाग मुख्यतः पूरक संघटनांतून होत असे. मदत स्वीकारणाऱ्याला व्यासपीठावर उभे करून छायाचित्र काढण्याची प्रथा त्याच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारी आहे. तसेच क्लबने शाळेला बाके दिली म्हणून शासनाची जबाबदारी संपत नाही. स्वयंसेवा ही सार्वजनिक व्यवस्थेला पूरक ठरावी, पर्याय नव्हे, हे भान आवश्यक आहे.

महाविद्यालयांची भूमिका

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ पासून कार्यरत आहे. तिच्या स्वयंसेवकाकडून दोन वर्षांत २४० तास नियमित काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर अपेक्षित असते. रोटरॅक्ट आणि लिओ या क्लबांच्या युवाशाखाही अनेक महाविद्यालयांत आहेत. नॅकच्या मूल्यांकनात विस्तारकार्याला स्थान आहे आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमांत सामुदायिक सहभागाचाही समावेश झाला आहे. त्यामुळे क्लबांशी सामंजस्य करार करण्याकडे कल वाढणे स्वाभाविक आहे. करार, छायाचित्र आणि प्रमाणपत्र एवढ्यावर हे सहकार्य थांबल्यास विद्यार्थी समारंभाचे आयोजन शिकेल; समाज त्याला कळेलच असे नाही. हे टाळण्यासाठी पुढील बाबी विचारार्ह वाटतात.

१. सामंजस्य करार एखाद्या वस्तीशी वा कामाशी निगडित आणि किमान तीन वर्षांचा असावा.
२. विद्यार्थ्याला नेमके व झेपेल असे काम द्यावे, उदा. पाच रुग्ण, दहा दाते किंवा पंचवीस रोपे.
३. प्रत्येक कामाची नोंदवही ठेवून ती जूनअखेर पुढील तुकडीकडे व नव्या अध्यक्षांकडे रीतसर सोपवावी. प्राध्यापक वर्षानुवर्षे त्याच जागी असल्याने या स्मृतीचे जतन तोच करू शकतो.
४. सुट्यांच्या काळातील कामाची जबाबदारी गावातच राहणाऱ्या विद्यार्थ्यांवर व क्लबच्या सदस्यांवर आधीच निश्चित करावी.

समारोप

फावल्या वेळेतील सेवा ही कनिष्ठ दर्जाची सेवा नव्हे. आयुष्य वाहून घेणारे थोडेच असतात. आठवड्यातील दोन तास देऊ शकणारे पुष्कळ असतात. या दोन तासांना नेम आणि पाठपुरावा यांची जोड मिळाली, तर त्यांतून टिकाऊ काम उभे राहते, हे पोलिओच्या उदाहरणाने सिद्ध केले आहे. क्लबच्या व महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात आज ‘लाभार्थींची संख्या’ हा रकाना असतो. त्याच्या शेजारी ‘पुन्हा भेट दिलेल्यांची संख्या’ असा आणखी एक रकाना आखला, तर सुरुवातीला तो कदाचित रिकामाच राहील. परंतु काय करावयाचे राहिले आहे, ते तरी त्यातून स्पष्ट दिसेल.