स्कॅनर बीप करतो, पण एंट्री पडत नाही? आधी उघडी पीडीएफ बघा



पॅकिंग टेबलच्या व्हिडिओत स्कॅनरचा विषय मी दोन मिनिटांत उरकला होता. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारणा एकाच गोष्टीची झाली. "सर, स्कॅनर बीप करतो, लाइट पडतो, पण ऑर्डर डिस्पॅचमध्ये जात नाही. स्कॅनर बाद झाला का?"

बहुतेक वेळा नाही. मी स्वतः यात पैसे घालवलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

दिवाळीच्या आधीचा आठवडा. पिकअपवाला दारात उभा, टेबलावर ३८ पार्सलं. आमच्या पोराने सगळी पार्सलं धडाधड स्कॅन केली, प्रत्येकाला बीप ऐकला, माल गाडीत चढवला. रात्री पॅनेल उघडलं तर डिस्पॅच २९! नऊ पार्सलं दुकानातून गेलेली, पण रेकॉर्डला अजून "पॅक व्हायची बाकी". दुसऱ्या दिवशी त्यातल्या दोन गिऱ्हाइकांनी ऑर्डर रद्द केली. त्यांची काय चूक, त्यांना तर माल निघालेलाच दिसत नव्हता. दोन्ही पार्सलं फिरून परत आली, जाण्यायेण्याचं भाडं आमच्या अंगावर. मी पोरावर ओरडलो आणि नवीन स्कॅनर मागवला. नव्यानेही तिसऱ्या दिवशी तेच केलं. तेव्हा कुठे डोकं शांत ठेवून बघितलं.

मुद्दा असा आहे की यूएसबीचा साधा बारकोड स्कॅनर म्हणजे कॉम्प्युटरच्या नजरेत दुसरा कीबोर्ड. तो कोड वाचतो आणि भराभर टाइप करतो, शेवटी एंटर मारतो. बीपचा अर्थ एवढाच की "मी वाचलं". ते कुठे जाऊन पडलं, हे त्याला माहीत नसतं. कर्सर जिथे असेल तिथे ते पडतं.

आता आपल्या टेबलावर काय चालतं बघा. लेबल प्रिंट करायला पीडीएफ उघडतो, ती ब्राउझरमध्येच उघडते. पत्ता नीट दिसावा म्हणून आपण तिच्यावर क्लिक करतो, मोठी करतो, आणि लगेच स्कॅनर उचलतो. पण त्या क्लिकने कीबोर्डचा ताबा पीडीएफकडे गेलेला असतो. काही पॅनेलमध्ये तर लेबल आणि स्कॅनचा रकाना एकाच पानावर शेजारी शेजारी असतात, तिथे हे लक्षातच येत नाही. क्रोममध्ये पीडीएफ दाखवणारा भाग हा पानाच्या आत बसवलेला वेगळा प्रोग्राम आहे. त्याच्यात पडलेली अक्षरं बाहेरच्या पॅनेलला कळत नाहीत. बीप झाला, अक्षरं हवेत गेली, एररसुद्धा नाही. आमची नऊ पार्सलं अशीच गेली.

फायरफॉक्समध्ये उलट गंमत. त्याच्या पीडीएफ व्ह्यूअरमध्ये एकेका अक्षराला काम नेमून दिलेलं आहे. छोटा एन किंवा जे दाबला की पुढचं पान, पी किंवा के दाबला की मागचं, आर दाबला की पान फिरतं. आता कोडमध्ये ही अक्षरं असली की स्कॅन करताच लेबल आडवं होतं किंवा दुसऱ्याच ऑर्डरचं पान समोर येतं. आपल्याला वाटतं व्हायरस आला! आणि समोर आलेलं दुसरं लेबल तसंच प्रिंट करून चिकटवलं, तर चुकीच्या घरी माल गेला म्हणून समजा.

तपासायचं कसं? नोटपॅड उघडा आणि त्यात एकच लेबल तीनदा स्कॅन करा. तीन ओळी एकाखाली एक, बरोबर आल्या तर स्कॅनर ठणठणीत आहे, दोष कर्सरचा. तिन्ही कोड एकाच ओळीत चिकटून आले तर शेवटचा एंटर जात नाहीये.

अक्षरं मराठीत उमटली तर कीबोर्डची भाषा मराठीवर राहिलीय. हे आपल्याकडे फार होतं. कोणीतरी बिलावर मराठीत नाव टाइप करतं आणि भाषा तशीच सोडतं. स्कॅनर इंग्रजी कीबोर्डच्या हिशोबाने बटणं दाबतो, विंडोज त्याची मराठी अक्षरं करतं. विंडोज बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजीवर या.

स्कॅन केलं की क्रोममध्ये डाउनलोडची यादी उघडते, अशीही तक्रार येते. याचं कारण मला फार आवडलं. एंटरऐवजी काही स्कॅनर "लाइन फीड" पाठवायला सेट केलेले असतात. त्याचा नंबर १०. इंग्रजी बाराखडीतलं दहावं अक्षर जे, त्यामुळे कॉम्प्युटरला ते कंट्रोल आणि जे असं पोचतं, आणि क्रोममध्ये तो डाउनलोडचा शॉर्टकट आहे. स्कॅनरच्या माहितीपुस्तकात "सफिक्स" किंवा "टर्मिनेटर" नावाचं पान असतं, तिथला "सीआर" किंवा "एंटर" लिहिलेला बारकोड स्कॅन करा. फॅक्टरी रिसेटचा कोड मात्र उगाच मारू नका, आधीच्या सगळ्या सेटिंग्ज उडतात.

आता कायमचा इलाज. माझं मत विचाराल तर पॅकिंगच्या कॉम्प्युटरवर पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडूच देऊ नका. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, तिथे खाली ॲडिशनल कन्टेन्ट सेटिंग्जमध्ये पीडीएफ डॉक्युमेंट्स सापडेल. "डाउनलोड पीडीएफ्स" निवडा. एजमध्ये "ऑलवेज डाउनलोड पीडीएफ फाइल्स" असं बटण आहे. फायरफॉक्समध्ये जनरलमध्ये ॲप्लिकेशन्सच्या यादीत पीडीएफपुढे "सेव्ह फाइल" करा. मग लेबल डाउनलोड होईल, ते वेगळ्या रीडरमध्ये उघडा. एवढं लक्षात ठेवा की पानातच बसवलेलं लेबल असेल तर या सेटिंगने पॅनेलप्रमाणे वेगवेगळं दिसतं, म्हणून गर्दीच्या दिवशी पहिल्यांदा प्रयोग करू नका.

"यूएसबी कॉम" मोडवर स्कॅनर टाकला की तो कीबोर्ड राहत नाही, असंही काही जण सांगतात. खरं आहे, पण तुमच्या सॉफ्टवेअरला तो मोड समजत असेल तरच. नाहीतर बीप होईल आणि कुठेच काही येणार नाही.

पेन टॅबलेटवाल्यांसाठी जाता जाता: क्रोममध्ये पीडीएफवरचा मजकूर पेनने निवडायला गेलं की पान सरकतं, तेव्हा टॅबलेटच्या ड्रायव्हरमध्ये "यूज विंडोज इंक"ची खूण काढून बघा. काही ड्रॉइंगच्या ॲपमध्ये त्यामुळे पेनचा दाब लागत नाही, ते काम असेल तेव्हा परत चालू करा.

आमच्याकडे आता पोरगं स्कॅन करताना बीप ऐकत नाही, स्क्रीनवरचा आकडा बघतं. दर दहा पार्सलांनी थांबून मोठ्याने म्हणतं, "दादा, दहा." मी पॅनेल बघून "दहा" म्हटलं की पुढची दहा. पिकअपवाल्याला पाच मिनिटं जास्त थांबावं लागतं, त्याला आम्ही चहा देतो.