बायबलच्या तासापासून मराठीच्या पेपरपर्यंत

नाशिकजवळच्या देवळालीत बार्न्स स्कूल नावाची जुनी निवासी शाळा आहे. १९५४च्या सुरुवातीला तिथे नव्या वर्षाचे प्रवेश चालू होते. त्याच सुमारास, ६ जानेवारीला, मुंबई राज्य सरकारचा आदेश आला. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात यापुढे अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाच्या नागरिकांचीच मुलं घ्यायची, बाकी कोणाचीही नाहीत. शाळा ख्रिस्ती होती, पण तिथे शिकणारी जवळजवळ निम्मी मुलं अँग्लो-इंडियन समाजाबाहेरची होती. या आदेशात धर्माचा उल्लेखही नव्हता. प्रश्न होता भाषेचा.

ख्रिस्ती शाळांचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं लगेच बायबलवर येतं. मुलाला काय शिकवतात, प्रार्थनेला बसवतात का, हीच विचारणा होते. पण या शाळांतून बाहेर पडण्यासाठी मुलाला काय काय पुरं करावं लागलं, याचा दोनशे वर्षांचा माग काढला तर वेगळंच दिसतं. सरकारमान्य प्रमाणपत्र बायबलच्या ज्ञानावर अडल्याची वेळ जवळजवळ आलीच नाही. मुलं अडली ती भाषेवर, आणि दर पिढीत निराळ्या भाषेवर.

सुरुवात तर मराठीतूनच झाली होती. अमेरिकन मिशनने मुंबईत पहिल्या शाळा काढल्या त्या १८१५च्या सुमारास, आणि त्या देशी भाषेत शिकवणाऱ्या होत्या. पुढे १८३२मध्ये मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी इंग्रजी शाळा काढली. तिथे बायबलचा तास रोजचा होता, आणि तो ऐच्छिक नव्हता. पण शिक्षण पुरं झालं असं सांगणारी एकच एक परीक्षा त्या काळी अस्तित्वातच नव्हती. वर्षाकाठी गावातल्या प्रतिष्ठित मंडळींसमोर मुलांची तोंडी परीक्षा व्हायची. मुलगा शाळा सोडायचा तो नोकरी लागली म्हणून, नाहीतर घरच्यांनी काढून घेतलं म्हणून. १८३९मध्ये विल्सन यांच्या दोन पारशी विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं, शहर ढवळून निघालं आणि पालकांनी पोरं धडाधड काढून घेतली. बायबलच्या तासाची धास्ती आपल्याकडे आली ती इथून. तिला कारणही होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

१८५४च्या वुडच्या खलित्याने या धास्तीला एक चौकट घातली. खाजगी शाळांना सरकारी अनुदान मिळेल, पण ते लौकिक शिक्षण पाहून. सरकारी तपासनीस धार्मिक शिक्षणात डोकावणार नाही. मिशनच्या शाळेत बायबल चालू राहिलं; फक्त अनुदानाच्या हिशेबात ते धरलं जाईना. तीन वर्षांनी मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि १८५९मध्ये पहिली मॅट्रिक झाली. शंभराहून जास्त मुलं बसली आणि वीसेक पास झाली. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर त्याच तुकडीतले. आता मिशनची शाळा असो, सरकारी असो की पुढे टिळक-आगरकरांची, सगळ्यांना उंबरठा एकच मिळाला. त्या उंबरठ्यावरची पहिली अट होती इंग्रजी. मिशनऱ्यांनी मराठीत छापलेल्या क्रमिक पुस्तकांना तिथे किंमत नव्हती.

हा उंबरठा मुलींसाठी बराच काळ बंद राहिला. पुण्यात फ्रान्सिना सोराबजी यांनी १८७६मध्ये व्हिक्टोरिया हायस्कूल काढलं. युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान मुलं एकाच छताखाली शिकवण्याचं धाडस त्यांनी त्या काळात केलं. विद्यापीठाची पदवी स्त्रियांना खुली झाली ती १८८३मध्ये. फ्रान्सिनाबाईंचीच मुलगी कॉर्नेलिया १८८८मध्ये मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर ठरली. शाळेने शिकवायचं पण विद्यापीठाने बसू द्यायचं नाही, हा अन्याय त्या घराने आतून पाहिला होता.

मॅट्रिकशेजारी दुसरी वाट तयार होत होती ती युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांच्या शाळांत. या शाळांसाठी सरकारची वेगळी नियमावली होती, आणि शेवटची परीक्षा थेट केंब्रिजची. तिला सगळे सीनियर केंब्रिज म्हणत. प्रश्नपत्रिका बोटीने यायच्या, उत्तरपत्रिका बोटीने जायच्या आणि निकालाला महिनोन् महिने लागायचे. धर्मज्ञान हा विषय त्या परीक्षेत घेता येत असे, पण तो ऐच्छिक होता. सक्ती होती ती इंग्रजीची. बार्न्स याच वाटेवरची शाळा. तिची मूळ संस्था म्हणजे १८१५ची बॉम्बे एज्युकेशन सोसायटी. भायखळ्याच्या आवारातून निवासी शाळा १९२५मध्ये देवळालीच्या मोकळ्या हवेत हलली, आणि भायखळ्याला राहिली ती आजची क्राइस्ट चर्च स्कूल.

स्वातंत्र्याबरोबर दोन्ही वाटांवर प्रश्नचिन्ह उभं राहिलं. मुंबई प्रांताने पाचवी ते सातवीतलं इंग्रजी काढून ते आठवीपासून ठेवलं. मॅट्रिकची जागा १९४९पासून एसएससीने घेतली. शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून वेगळ्या मंडळाकडे आली. गावोगावच्या मिशनच्या मराठी शाळा या बदलात निमूटपणे सामील झाल्या. त्यांच्याबद्दल कोणी फारसं लिहिलं नाही, याची खंत वाटते. खेड्यातल्या पहिल्या पिढीच्या कितीतरी मुलामुलींना एसएससीपर्यंत नेलं ते त्यांनीच. खटके उडाले ते इंग्रजी माध्यमाच्या शाळांशी.

६ जानेवारीच्या आदेशावरून झालेल्या देवळालीच्या खटल्याचे तपशील म्हणूनच जवळून पाहण्यासारखे आहेत. डिसेंबर १९५३मध्ये बार्न्समध्ये ४१५ मुलं होती. त्यांतली २१२ अँग्लो-इंडियन आणि २०३ इतर समाजांची. आदेशानंतर ज्यांना प्रवेश नाकारावा लागला त्यांत एक मूल भारतीय ख्रिस्ती घरातलं होतं. घरी आम्ही इंग्रजीच बोलतो, असं त्या कुटुंबाचं म्हणणं होतं. पण ते अँग्लो-इंडियन नव्हते, म्हणून दार बंद. दुसरं मूल गुजराती हिंदू घरातलं होतं. सोसायटी आणि पालक मिळून मुंबई उच्च न्यायालयात गेले. मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. शाळेच्या बाजूच्या वकिलांत होते चौतीस वर्षांचे नानी पालखीवाला.

सरकारची भूमिका वाईट हेतूची नव्हती, हे म्हटलंच पाहिजे. मुलाने मातृभाषेत शिकावं, हिंदीचा प्रसार व्हावा आणि इंग्रजी माध्यमाचे वर्ग हळूहळू कमी व्हावेत, असा तो विचार होता. फेब्रुवारीत मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्या. दीक्षित यांनी आदेश घटनाबाह्य ठरवला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. २६ मे १९५४ रोजी तिथेही निकाल शाळेच्या बाजूने लागला. न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं: हेतू कितीही चांगला असो, परिणाम काय होतो ते बघायचं. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत केवळ भाषेच्या कारणाने नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही, असं घटनेचं २९वं कलम सांगतं. त्यात ३३७वं कलम आणखी पुढे जात होतं. अँग्लो-इंडियन शाळांना विशेष अनुदान हवं असेल, तर त्यांनी दरवर्षी निदान ४० टक्के प्रवेश इतर समाजांच्या मुलांना खुले ठेवले पाहिजेत. म्हणजे घटना ज्यांना आत घ्या म्हणत होती, त्यांनाच सरकार बाहेर ठेवा म्हणत होतं.

अल्पसंख्याकांच्या हक्कांवरच्या चर्चेत हा निकाल वारंवार येतो. पण त्यातला खरा फायदा बहुसंख्य समाजातल्या मुलांचा झाला, ही गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही. पुढच्या पिढ्यांत मुंबई-पुण्यातल्या कॉन्व्हेंट शाळांतून बाहेर पडलेली असंख्य हिंदू, मुसलमान, जैन मुलं त्या निकालाची ऋणी आहेत.

शाळा वाचली, आता परीक्षा कोणाची द्यायची? स्वतंत्र देशातल्या मुलाने केंब्रिजहून निकाल यायची वाट पाहावी, हे फार काळ चालणारं नव्हतं. १९५२मध्ये शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. केंब्रिजच्या जागी अखिल भारतीय परीक्षा आणण्याचा विचार तिथे झाला. त्यातून ३ नोव्हेंबर १९५८ रोजी एक मंडळ आकाराला आलं, आणि तेच आज आयसीएसई परीक्षा घेतं. ते मंडळ ख्रिस्ती आहे, अशी समजूत अजूनही भेटते. ती चुकीची आहे. मुळं अँग्लो-इंडियन शाळांत आहेत, एवढंच.

या मंडळाची उत्तीर्णतेची अट लक्षात घेण्याजोगी आहे. किमान पाच विषयांत पास, त्यांत इंग्रजी असलंच पाहिजे, आणि त्याखेरीज समाजोपयोगी उत्पादक कार्य व समाजसेवा यात पास श्रेणी हवी. इंग्रजी गेलं तर बाकीचे गुण कितीही असोत, प्रमाणपत्र नाही. हाताने काही करण्याची जी अट आहे तिची सांगड मिशनच्या जुन्या वळणाशी सहज बसते. शाळेच्या आवारात वाफे करणं, पुस्तकं बांधणं, शिवण, वृद्धाश्रमात जाऊन बसणं, हे सगळं श्रेणीपत्रकात येण्याच्या कितीतरी आधीपासून या शाळांत होतं.

आणि बायबल? घटनेच्या २८व्या कलमाने तो प्रश्न मिटवला. सरकारमान्य वा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. कॅथलिक शाळांनी त्याची सोय वेळापत्रकातच केली. घंटा होते, कॅथलिक मुलं दप्तर उचलून कॅटेकिझमला जातात, बाकीची तिथेच थांबतात आणि मॉरल सायन्सचं पुस्तक काढतात. प्रगतिपुस्तकात त्याची नोंद होते. बोर्डाच्या गुणपत्रिकेत या तासाला जागा नाही. तरी खूप वर्षांनी माजी विद्यार्थी शाळेबद्दल बोलतात तेव्हा हाच तास हमखास निघतो, हेही खरं.

१९७५मध्ये महाराष्ट्रात अकरावीची एसएससी दहावीवर आली. त्यानंतर मुंबईत चित्र असं झालं की एकाच आवारात दोन बोर्डं नांदू लागली. माझगावच्या सेंट मेरीजमध्ये एक विभाग एसएससीचा आणि एक आयसीएसईचा. संस्था एकच, पण गुण मोजायची रीत वेगळी. अकरावीच्या प्रवेशाला मात्र दोघे एकाच रांगेत. ही रांगच पुढे वादाचं मूळ झाली. एसएससीच्या मुलांवर अन्याय होतो म्हणून सरकारने २००८मध्ये पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, ते उच्च न्यायालयात टिकलं नाही. २००९मध्ये ९०:१० कोटा (नव्वद टक्के जागा एसएससीच्या मुलांना) आणला, तोही पडला. २०१०मध्ये ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आलं, म्हणजे सर्वाधिक गुणांचे पाच विषयच धरायचे. उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, पण सर्वोच्च न्यायालयाने चालू ठेवलं. सलग तीन उन्हाळे दहावी झालेली मुलं निकाल हातात घेऊन कोर्टाच्या तारखांकडे डोळे लावून बसली. अशा वेळी प्रवेशाआधी नियम बदलणं हे मुलांशी गैरच होतं, मग बोर्ड कुठलंही असो.

शेवटी चक्र फिरून मराठीवर आलं. आयसीएसईच्या रचनेत तिसरी भाषा पाचवी ते आठवीपर्यंतच असते, आणि महाराष्ट्रातल्या बऱ्याच शाळांत मराठी त्याच जागी होती. म्हणजे नववीत गेलं की मराठी सुटली. फेब्रुवारी २०२०मध्ये विधिमंडळाने कायदा करून राज्यातल्या सर्व शाळांत, बोर्ड कुठलंही असो, पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली. २०२०-२१मध्ये पहिली आणि सहावीपासून सुरुवात आणि दरवर्षी एकेक इयत्ता पुढे, असा क्रम ठरला. न पाळणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंड. मग कोरोनाची दोन वर्षं आली, मुलांची मराठी कच्ची राहिली, आणि एप्रिल २०२३मध्ये सरकारनेच सवलत दिली. इतर बोर्डांच्या शाळांत काही तुकड्यांपुरतं मराठीचं मूल्यमापन श्रेणीत करायचं आणि ते एकूण निकालात धरायचं नाही.

१९५४च्या आदेशात आणि या कायद्यात मोठा फरक आहे, आणि तो कायद्याच्या बाजूचा आहे. तेव्हा भाषेच्या नावाखाली मुलाला दाराबाहेर ठेवलं जात होतं. आता आत आलेल्या मुलाला या मातीची भाषा द्या, असं सांगितलं जातंय. ज्या मिशनऱ्यांनी मराठीत व्याकरणं लिहिली, कोश रचले, छापखाने घातले, त्यांच्या शाळांना ही मागणी परकी वाटायचं कारण नाही. पण निकालात न धरलेल्या विषयाला वेळापत्रकात कुठला तास मिळतो आणि त्या तासाला कुठले शिक्षक येतात, हे शाळेत मूल असलेल्या कोणत्याही घराला ठाऊक आहे. मराठी शिकवू शकणारे, इंग्रजी घरातल्या मुलाला ती गोडीने लावू शकणारे शिक्षक नेमणं आणि त्यांना इतर विषयांइतकाच पगार आणि मान देणं, हे काम अजून बहुतेक ठिकाणी व्हायचं आहे.