रिकाम्या बाकांचा निषेध

विरोधी पक्षाच्या पुढाऱ्यास दोन मोह नेहमी घेरीत असतात. एक आततायीपणाचा, त्याविषयी इशारा देणारे वडीलधारे पुष्कळ भेटतात. दुसरा मोह अधिक सभ्य आणि म्हणूनच अधिक घातक. स्वतःच्या मनास समाधान देणारा, चारचौघांत शोभून दिसणारा, परंतु प्रतिपक्षाच्या केसासही धक्का न लावणारा निषेध करावा आणि स्वस्थ बसावे, हा तो मोह होय. त्याची किंमत एका राष्ट्रास किती द्यावी लागली हे पाहावयाचे असेल, तर सन १९२४ मधील इटलीकडे वळले पाहिजे.

मुसोलिनी १९२२ च्या ऑक्टोबरात मुख्य प्रधान झाला. दुसऱ्याच वर्षी त्याने निवडणुकीचा कायदा आपल्या सोयीचा करून घेतला. ज्या यादीस सर्वांत अधिक मते पडतील, आणि ती निदान शेकडा २५ असतील, त्या यादीस प्रतिनिधिगृहातील दोनतृतीयांश जागा मिळाव्यात, असा तो कायदा. ६ एप्रिल १९२४ रोजी मारहाणीच्या व धाकदपटशाच्या वातावरणात निवडणूक झाली आणि ५३५ पैकी ३७४ जागा सरकारी यादीच्या पदरात पडल्या.

३० मे रोजी समाजवादी सभासद जाकोमो मात्तेओत्ती या सभागृहात बोलावयास उभे राहिले. त्यांचे वय अवघे ३९ वर्षांचे होते. त्यांनी शिव्याशाप दिले नाहीत. उमेदवारांवरील हल्ले, उधळलेल्या सभा, मतदारांवरील दडपण अशी एकेक गोष्ट पुढे मांडून त्यांनी निवडणुकीच्या वैधतेसच आव्हान दिले. समोरच्या बाकांवरून आरडाओरडा चालू असताही ते शेवटपर्यंत बोलत राहिले. खाली बसल्यावर, आता माझ्या मृत्यूनंतरच्या भाषणाची तयारी करा, असे ते आपल्या सोबत्यांस म्हणाल्याचे सांगतात. १० जून रोजी रोममध्ये टायबर नदीच्या काठी फॅसिस्टांच्या टोळीने त्यांस मोटारीत घालून पळविले व ठार मारले. प्रेत सापडले ते १६ ऑगस्टला, शहराबाहेरच्या रानात.

या घटनेने सारा देश हादरला. अनेक फॅसिस्टांनी कोटावरील बिल्ले गुपचूप काढून ठेवले. मुसोलिनीस आपली जवळची माणसे दूर करावी लागली, गृहखातेही दुसऱ्याच्या हाती द्यावे लागले. सरकार डळमळीत झाल्याचे हे दिवस होते, आणि असे दिवस फार काळ टिकत नसतात.

विरोधकांनी या वेळी काय केले? जूनच्या अखेरीस शंभराहून अधिक सभासदांनी प्रतिनिधिगृहावर बहिष्कार घातला. प्राचीन रोममधील सामान्य जन अन्यायाच्या निषेधार्थ अव्हेंताइन टेकडीवर जाऊन बसले होते. त्यावरून या बहिष्कारास ‘अव्हेंताइन’ हेच नाव पडले. फिलिप्पो तुराती, जोव्हान्नी अमेंदोला यांसारखी निःस्पृह माणसे त्यांत होती. त्यांच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पुढे काय करावयाचे, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. सार्वत्रिक संपाची सूचना कम्युनिस्ट पक्षाचे ग्राम्शी यांनी मांडली. ती मान्य झाली नाही. राजे व्हिक्टर इमॅन्युएल जागे होतील आणि मुसोलिनीस काढून टाकतील, या आशेवर सर्व भिस्त होती. इकडे सिनेटने २६ जून रोजीच २२५ विरुद्ध २१ मतांनी मुसोलिनीवर विश्वास व्यक्त केला होता. डिसेंबरअखेर अमेंदोलांच्या पत्राने मुसोलिनीच्याच एका जुन्या सहकाऱ्याचे, त्यास गोवणारे निवेदन छापले. तरीही राजेसाहेब हलले नाहीत.

३ जानेवारी १९२५ रोजी मुसोलिनी सभागृहात उभा राहिला. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाप्रमाणे प्रधानांवर आरोप ठेवण्याचा अधिकार प्रतिनिधिगृहास होता. ते कलम त्याने स्वतःच वाचून दाखविले आणि त्याचा उपयोग करू इच्छिणारा कोणी आहे काय, असे विचारले. ज्यांनी या प्रश्नास उत्तर द्यावयाचे त्यांची बाके रिकामी होती. घडले त्याची सर्व जबाबदारी आपली, असे त्याने मग छातीठोकपणे सांगितले. पुढील काही दिवसांत विरोधकांच्या संस्थांना टाळी लागली, झडत्या झाल्या, वृत्तपत्रे जप्त झाली. हुकूमशाहीचा खरा आरंभ त्या दिवसापासून धरतात.

कोणी म्हणेल, ते बाकांवर बसले असते तरी ठराव मतांनी पडलाच असता. ही गोष्ट खरी आहे. परंतु जूनमध्ये, सरकारपक्षच भेदरलेला असताना, आरोपाचा ठराव सभागृहात आणि संप रस्त्यावर असा दुहेरी आघात झाला असता, तर निकाल काय लागता हे आज कोणी खात्रीने सांगू शकत नाही. न केलेल्या कृतीचा निकाल मात्र इतिहासात नोंदला गेला आहे.

सभात्याग हा नेहमीच दुबळेपणा, असेही नव्हे. सन १९०१ मध्ये मुंबईच्या कायदेकौन्सिलात जमीनमहसुलाच्या बिलावर फिरोजशहा मेथा व गोपाळराव गोखले प्रभृती सभासद उठून बाहेर पडले. बिल मंजूर झालेच. पण त्या नेमस्तांच्या हाती तेथे दुसरे साधनच नव्हते, आणि सरकारच्या तोंडावर असे उठून जाणे हेच त्या काळी धाडस होते. इटलीत साधने हाती असताना ती खाली ठेवली गेली. तेव्हा पुढाऱ्याने पाऊल टाकण्यापूर्वी स्वतःस एवढेच विचारावे: याने प्रतिपक्षाच्या हातचे काय सुटते? आणि उद्या सकाळी मी काय करणार आहे?

सावधपणाने निदान जीव तरी वाचतो, असे म्हणावे, तर तेही खरे ठरले नाही. जुलै १९२५ मध्ये फॅसिस्टांनी अमेंदोलांस बेदम मारले. त्यातून ते सावरले नाहीत आणि पुढील एप्रिलात परदेशी वारले. वृद्ध तुराती १९२६ च्या अखेरीस होडीतून निसटले व पॅरिसात निर्वासित म्हणून निवर्तले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सभागृहाने बहिष्कार घालणाऱ्यांची सभासदत्वे रद्द केली. जी बाके त्यांनी आपण होऊन सोडली होती, त्यांवर परत बसण्याचा हक्कही मग उरला नाही.