सोलारचा हप्ता आणि महाडचा पाऊस

महाड एमआयडीसीत कामाला, घर बिरवाडीत नाहीतर पोलादपूरकडे, आणि छतावर सोलार बसवायचाय? मग आज फक्त पैशाचं बोलूया.

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. सबसिडी 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार, 3 किंवा जास्तला 78 हजार. पण ती येते पॅनल बसून नेट मीटर लागल्यावर. तोवर पैसे आपले, नाहीतर बँकेचे. सरकारी बँका 3 किलोवॅटपर्यंत बिनतारण कर्ज देतात. सबसिडी आली की मी तर सांगेन, थेट कर्जात भरा.

आता आपल्याकडची गोम. 1 किलोवॅटला चांगल्या उन्हात महिन्याला साधारण 120 युनिट मिळतात. पावसाळ्यात ते घटतात, हप्ता मात्र तेवढाच! जास्तीचे युनिट पुढच्या बिलात वळते होतात खरे, पण हा हिशोब 31 मार्चला मिटतो. उरलेल्याचे पैसे कमी दराने मिळतात. म्हणजे पावसाळ्याला हाताशी राहते ती एप्रिल-मेचीच शिल्लक. म्हणून आधी वर्षाची 12 बिलं काढा, मगच किलोवॅट ठरवा.

वापर 100 युनिटच्या आत? मग राज्याची 2025 ची 'स्मार्ट' योजना बघा. त्यात 1 किलोवॅटला केंद्राच्या 30 हजारांवर राज्यही भर घालतं.

आणि हो, बॅटरी नसलेला सोलार लाइट गेली की बंद पडतो. बॅटरीचा खर्च वेगळा धरा.

भेटू पुढच्या भागात!