दस्तुरी नाक्याच्या पुढे

रहाटणीच्या कोकणे चौकात सकाळी उभं राहिलं की चाकण, भोसरी, तळवड्याच्या कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक जाताना दिसतात. देशभर धावणाऱ्या किती तरी गाड्या याच पट्ट्यात जन्म घेतात. इथल्या कामगाराला सुट्टीत डोंगरावर जायचं म्हणजे लोणावळा आठवतो, आणि शनिवार-रविवारी तिथेही गाड्यांच्याच रांगा. बोरघाट उतरून कर्जतच्या पुढे गेलं की मात्र माथेरान आहे. तिथे दस्तुरी नाक्यावर प्रत्येकाने आपली मोटार उभी करायची आणि पुढे चालायला लागायचं.

इंग्रजी कागदोपत्री माथेरानचा ‘शोध’ मे 1850 मध्ये लागला. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट पायथ्याच्या चौक गावाकडून डोंगर चढला आणि माथ्यावरच्या दाट सावलीच्या प्रेमात पडला. धनगर, ठाकर, कातकरी या रानात पिढ्यान्‌पिढ्या वावरत होतेच; त्यांच्या पायवाटांनीच साहेब वर गेला. पुढे मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याने इथे लक्ष घातलं, बंगले उभे राहिले आणि कड्यांना लुईसा, पॉर्क्युपाइन, गार्बट अशी नावं मिळाली. ती आजही पाट्यांवर आहेत. गावाचा देव मात्र शार्लोट तलावाच्या काठचा पिसरनाथ. घोडेवाले आणि दुकानदार त्याच्यापुढे हात जोडतात.

माथेरानला सगळ्यात आधी पाहावी ती तिथली रेल्वे. ती सरकारने बांधली नाही. मुंबईचे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा पुरवला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी 1904 ते 1907 या काळात हा मार्ग उभा केला. रुळांमधलं अंतर जेमतेम दोन फूट, लांबी सुमारे 20 किलोमीटर आणि चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान अशी स्थानकं. डोंगर फोडून सरळ जाण्यापेक्षा डोंगराच्या अंगाने वळत जायचं, असं हे बांधकाम. त्यामुळे सबंध मार्गावर बोगदा एकच. वळणं इतकी आवळलेली, की शेवटच्या डब्यातून मान बाहेर काढली तर स्वतःचंच इंजिन समोर आडवं जाताना दिसतं. वेग सायकलवाल्याला लाजवणारा नाही, आणि तेच बरं आहे. करवंदीच्या जाळ्या हाताशी येतात, दरीतलं नेरळ आधी उजवीकडे आणि मग डावीकडे दिसतं. 26 जुलै 2005 च्या पावसाने हा मार्ग जागोजागी वाहून गेला. तो पुन्हा बांधला गेला आणि 2007 मध्ये, शंभरी भरली त्या वर्षी, गाडी परत वर चढली. पावसाळ्यात नेरळपासूनची फेरी बंद असते, पण अमन लॉज ते माथेरान ही छोटी फेरी चालते.

वर पोहोचल्यावर काय करायचं? चालायचं. यादीतले सगळे पॉइंट एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरला, तर कड्यावरच्या टपरीतला मका आणि लिंबूसरबत तेवढं लक्षात राहतं. त्यापेक्षा दोनच ठिकाणं निवडावीत. पहाटे पॅनोरमा पॉइंट गाठावा, दुपारच्या उतरत्या उन्हात लुईसा पॉइंटवरून समोरचा प्रबळगड पाहावा. मधल्या वाटेवर तांबडी माती बुटांवर चढते. काळ्या कातळाच्या सह्याद्रीवर बसलेल्या जांभ्याच्या थराची ही माती. जांभूळ, हिरडा, अंजनीच्या छपराखाली भर दुपारीही डोक्याला ऊन लागत नाही. नशीब असेल तर वर फांदीवर शेकरू दिसतं, तांबूस अंगाचं, शेपूट खाली सोडून बसलेलं.

केंद्र सरकारने फेब्रुवारी 2003 मध्ये माथेरान आणि भोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. या सावलीला कायद्याचा आधार आहे, तो हा.

बाजारपेठेत चामड्याच्या चपला आणि चिक्की घेताना भाई कोतवालांचं नाव आठवावं. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल 1 डिसेंबर 1912 रोजी याच गावात, न्हावी समाजातल्या गरीब घरात जन्मले. वकील झाले, कर्जत भागातल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठारं काढली, शाळा सुरू केल्या. 1942 च्या लढ्यात भूमिगत होऊन त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. साहेबांच्या विश्रांतीसाठी वसवलेल्या गावाने साहेबाच्या राज्याला हादरा देणारा माणूस दिला. पॉइंटांच्या नकाशावर ही गोष्ट सापडत नाही, आणि ती सापडायला हवी.

मोटार नसल्याने मिळणारी इथली शांतता फुकट मिळालेली नाही. सामान घोड्यावर आणि हमालाच्या डोक्यावर चढतं, आणि वृद्ध किंवा आजारी माणसाला नेणारी हातरिक्षा माणसंच ओढत आली: एक जण पुढे दांड्याला, दोघे मागून रेटायला. चढावर पुढच्याचे पाय मातीत रुततात, उतारावर सगळा भार त्याच्याच अंगावर येतो. डिसेंबर 2022 मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आणि परवानाधारक 94 हातरिक्षाचालकांच्या पुनर्वसनासाठी ई-रिक्षांची योजना आखायला सांगितलं. हा निर्णय फार आधी व्हायला हवा होता. चारशेहून अधिक घोड्यांवर पोट असलेल्या कुटुंबांना त्याने काळजी वाटते, तीही खरी आहे. वाटांवर फरशा बसवाव्यात की तांबडी मातीच ठेवावी, हा वादही न्यायालयात गेला. दस्तुरी नाक्यापासून गावातल्या मुख्य रस्त्याला फरशांची मुभा मिळाली, रानातल्या वाटांना नाही.

रहाटणीकरांनी चिंचवडहून कर्जतला थांबणारी गाडी धरावी, कर्जतहून मुंबईच्या लोकलने नेरळ. तिथे छोट्या गाडीचं तिकीट मिळालं नाही तर टॅक्सीने दस्तुरी नाका, आणि पुढे रुळांच्या कडेने पाऊण तासात बाजार. ज्यांच्या गुडघ्यांत दम आहे त्यांनी परतताना वन ट्री हिलजवळच्या शिवाजी शिडीच्या वाटेने चौककडे उतरावं. पावसात ही वाट टाळावी, सोबत वाट माहीत असलेला स्थानिक माणूस घ्यावा, आणि त्याची मजुरी निघण्याआधी नीट ठरवून पूर्ण द्यावी.