बेळगावचे गोल्फ मैदान : छावणीने राखलेली अडीचशे एकर हिरवळ

निपाणीहून बेळगाव महामार्गाने साधारण 75 किलोमीटर. सीमाभागातल्या शेकडो घरांना ही वाट तोंडपाठ आहे. पोराला भरतीला न्यायचे तर बेळगाव, कॅन्टीनचे सामान आणायचे तर बेळगाव, निवृत्त सुभेदारसाहेबांना तपासणीसाठी मिलिटरी हॉस्पिटलला न्यायचे तरी बेळगावच. निपाणी, चिकोडी, खानापूर, सीमेपलीकडे चंदगड आणि गडहिंग्लज, या पट्ट्यात घरटी नाही तरी गल्लीगणिक एक फौजी सापडतोच. त्यामुळे बेळगावचा कॅम्प इथल्या लोकांना परका वाटत नाही. त्याच लष्करी परिसरात, क्लब रोड, हनुमाननगर आणि जाधवनगर यांच्या शेजारी, रेसकोर्सला लागून सुमारे अडीचशे एकरांचे गोल्फ मैदान पसरले आहे. कॅम्पात वर्षानुवर्षे ये-जा करणाऱ्यांपैकीही बहुतेकांनी ते कुंपणाबाहेरूनच पाहिलेले असते.

गोल्फ म्हटले की आपल्याकडे उद्योगपती, परदेशी पाहुणे आणि लाखांतली सभासदत्वाची फी डोळ्यांसमोर येते. पुण्या-मुंबईच्या खासगी क्लबांबाबत ते खरेही आहे. पण याच देशात गोल्फचा दुसरा एक संसार शांतपणे चालू आहे, तो लष्करी छावण्यांत. तिथे गणवेशातला माणूस अगदी माफक वर्गणीत खेळतो, निवृत्तीनंतरही खेळत राहतो आणि काही ठिकाणी ठरावीक संख्येने नागरिकांनाही, थोडी जास्त फी घेऊन, खेळता येते. पुण्यात कॅम्प आणि खडकवासला, नाशिकजवळ देवळाली, अहिल्यानगर, नागपूरजवळ कामठी अशी लष्करी मैदाने महाराष्ट्रातही आहेत. बेळगावचे मैदान याच परंपरेतले.

किल्ला, छावणी आणि पलटण

बेळगावचा किल्ला तेराव्या शतकाच्या आरंभी रट्टांच्या राजवटीत उभा राहिला. आतली कमल बसदी त्याच काळाची साक्ष देते. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, त्याच वर्षी हा किल्ला जनरल थॉमस मन्रोने जिंकला आणि पुढे किल्ल्याच्या पश्चिमेला छावणी वसली. समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांची उंची, गार हवा, गोव्याच्या सीमेवर नजर ठेवता येईल अशी जागा आणि मुबलक पाऊस. इंग्रज फौजेला आणखी काय हवे होते? परेडचे मैदान, चर्च, क्लब, रेसकोर्स असा सगळा सरंजाम छावणीबरोबर येई आणि त्यातच गोल्फही येई. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कोलकात्यात 1829 मध्ये निघाला. मुंबईत हा खेळ 1842 मध्ये संस्थेच्या रूपाने उभा राहिला. पुढे जिथे छावणी, तिथे गोल्फ हा शिरस्ताच पडला.

1922 पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र बेळगावात आहे. या रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण 1768 ची, ‘जंगी पलटण’ या नावाने ओळखली जाणारी. ‘बोल छत्रपती शिवाजी महाराज की जय’ हा रेजिमेंटचा रणघोष सीमाभागातल्या पोरांना शाळेत असल्यापासून ठाऊक असतो. 1945 मध्ये स्थापन झालेली मिलिटरी स्कूल, कमांडोंना घडवणारी इन्फंट्री स्कूलची शाखा, सांबऱ्याचा हवाई दलाचा तळ या सगळ्यांनी बेळगावला लष्करी शहराची ओळख दिली. गोल्फ मैदानाची गोष्ट या ओळखीपासून वेगळी काढता येत नाही. एवढी जमीन एका तुकड्यात, शहराच्या इतक्या जवळ, आजवर शाबूत राहिली याचे एकमेव कारण म्हणजे ती लष्कराच्या हद्दीत आहे.

खेळ स्वस्त कसा राहतो?

गोल्फ महाग होतो तो जागेमुळे, पाण्यामुळे आणि थाटामाटामुळे. अठरा होलांच्या मैदानाला शे-सव्वाशे एकर जागा सहज लागते. शहरालगत तेवढी जमीन घ्यायची, तिच्यावर बारमाही हिरवळ राखायची, वर आलिशान क्लबहाऊस बांधायचे, म्हणजे खेळणाऱ्याच्या खिशाला कात्री लागणारच. छावणीत जमीन संरक्षण खात्याची असते. क्लबहाऊस साधे असले तरी चालते. नफा कमवायचा नसतो. देखभालीची घडी लष्करी शिस्तीत बसलेली असते. त्यामुळे वर्गणी आवाक्यात राहते.

बेळगावला निसर्गाचीही साथ आहे. सह्याद्रीच्या कुशीत असल्याने जून ते सप्टेंबर इथे पाऊस झोडपून काढतो आणि तांबड्या मातीवर गवत आपसूक उठते. पावसाळ्यात चेंडू चिखलात रुततो, खेळ अडतो. पण पाऊस ओसरल्यावर दसऱ्यापासून पुढे थंडीभर, सकाळचे धुके आणि दवात भिजलेले गवत अशा हवेत खेळण्याची मजा काही औरच. कोरड्या मुलखातल्या छावण्यांना ही चैन नव्हती. तिथे हिरवळ टिकत नसे, म्हणून होलाभोवती वाळूत तेल कालवून, ती दाबून, गुळगुळीत गोल करत. त्याला ‘ब्राऊन’ म्हणत. एक गट खेळून पुढे गेला की वाळूवर उमटलेली पावले पुसून, ती पुन्हा सपाट करून ठेवायची. कमी पैशांत, कमी पाण्यात गोल्फ जगवण्याची ही देशी युक्ती छावण्यांनी अनेक वर्षे वापरली.

चेंडूपासून होलापर्यंत

या खेळाचे गणित जवळून पाहण्यासारखे आहे. चेंडूचा व्यास जेमतेम 42.67 मिलिमीटर, वजन फार तर 45.93 ग्रॅम. ज्या भोकात तो घालायचा त्याचा व्यास 108 मिलिमीटर. दोघांमधले अंतर कधी शंभर-दीडशे मीटर, कधी पाचशेच्याही पुढे. पहिला फटका ‘टी’वरून मारायचा, मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यातून, म्हणजे फेअरवेवरून, पुढे सरकायचे, कडेच्या वाढलेल्या गवतात किंवा वाळूच्या खड्ड्यात चेंडू जाऊ द्यायचा नाही आणि शेवटी ‘ग्रीन’वर हलक्या हाताने तो भोकात ढकलायचा. ग्रीनवरचे गवत काही मिलिमीटरच उंच असते. माळी भल्या पहाटे त्यावर यंत्र फिरवतो आणि दव झाडतो. एकाच जागी पावले पडून गवत मरू नये म्हणून होलाची जागाही दर काही दिवसांनी बदलली जाते. जुने भोक त्याच मातीच्या गड्ड्याने इतके बेमालूम बुजवतात की दुसऱ्या आठवड्यात ते शोधूनही सापडत नाही.

फौजेत हा खेळ रुजला त्याला आणखी एक कारण आहे. गोल्फमध्ये पंच बरोबर चालत नाही. आपले फटके आपणच मोजायचे, चूक झाली तर आपणच सांगायची. शिवाय ‘हॅंडिकॅप’ची पद्धत अशी की नवख्याला ठरावीक फटक्यांची सूट मिळते. त्यामुळे तरुण लेफ्टनंट आणि साठीचे निवृत्त ब्रिगेडियर एकाच फेरीत खऱ्या अर्थाने बरोबरीने खेळू शकतात. एक फेरी म्हणजे चार तासांची, सहा-सात किलोमीटरची पायपीट. निवृत्त माणसाला याहून चांगला व्यायाम आणि याहून चांगली सोबत क्वचितच मिळेल. तरीही हा खेळ प्रामुख्याने अधिकाऱ्यांचाच राहिला, जवानांपर्यंत तो फारसा उतरला नाही, हे मान्य करायला हवे.

बिबट्याने दाखवलेले रान

ऑगस्ट 2022 मध्ये बेळगावकरांना या मैदानाची नव्याने ओळख झाली. महिन्याच्या सुरुवातीला जाधवनगरात बांधकामावरच्या एका मजुरावर बिबट्याने हल्ला केला आणि तो गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला. मैदानाभोवतालच्या बावीस शाळांना सुट्टी द्यावी लागली. पिंजरे लागले, कॅमेरे लागले, ड्रोन उडाले. तरी बिबट्या हाती लागेना. मग शिमोग्याजवळच्या सक्रेबैलू शिबिरातून दोन हत्ती आणून झाडी पिंजून काढण्यात आली. मधेच एका सकाळी तो क्लब रोडवर दिसला आणि पुन्हा गुडूप झाला. अखेर तो पिंजऱ्यात काही आलाच नाही.

त्या दिवसांत शहराने भीती अनुभवली, पालकांची तारांबळ उडाली, मुलांचे शिक्षण बुडाले. ती भीती खोटी नव्हती. पण त्याच वेळी एक गोष्ट सिद्ध झाली : एका मोठ्या वाढत्या शहराच्या अंगाशी, हत्तींनी शोधूनही पूर्ण न सापडणारे असे रान अजून शिल्लक आहे. खानापूरच्या जंगलाशी आणि सह्याद्रीशी बेळगावचे नाते अजून तुटलेले नाही. भोवतालचे मळे, भातशेती, आंब्याच्या बागा एकामागून एक प्लॉटमध्ये गेल्या. दर पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचे पाणी शिवारात घुसते तेव्हा मोकळ्या मातीची किंमत आपल्याला कळते. पाऊस पिऊन घेणारी अडीचशे एकर जमीन शहराच्या मध्याजवळ असणे ही बेळगावची मोठी मिळकत आहे.

जमीन सरकारची, मग खेळ कोणाचा?

या स्वस्ताईची दुसरी बाजूही वाचकांपुढे ठेवली पाहिजे. संरक्षण खात्याच्या जमिनींविषयीचा ‘कॅग’चा अहवाल 2011 मध्ये संसदेत मांडला गेला. देशभरातल्या 97 लष्करी गोल्फ मैदानांखाली 8 हजार एकरांहून अधिक जमीन असल्याचे त्याने नोंदवले. ही जमीन ‘ए-1’ वर्गातली, म्हणजे प्रत्यक्ष लष्करी वापरासाठी राखलेली. तिच्यावर नागरिकांनाही सभासद करून फी घेतली जाते, मात्र ते उत्पन्न सरकारी तिजोरीत जमा होत नाही, असा अहवालाचा आक्षेप होता. लष्कराने अशा मैदानांना ‘पर्यावरण उद्यान आणि प्रशिक्षण क्षेत्र’ असे नाव दिले आहे. ही जमीन मोकळी राहिली म्हणून झाडे जगली, पाणी मुरले आणि गरज पडेल तेव्हा सैन्याला ती वापरताही येते, अशी त्यामागची भूमिका. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. ती जमीन मोकळी राहायलाच हवी आणि तिचा हिशेबही चोख असायला हवा. एकासाठी दुसऱ्याचा बळी देण्याचे कारण नाही.

छावण्यांमधला नागरी भाग जवळच्या महापालिकांत सामील करण्याची प्रक्रिया केंद्राने 2023 पासून हाती घेतली आणि बेळगावचा कॅम्पही त्या चर्चेत आहे. हद्दी बदलू लागल्या की मोकळ्या जागांवर डोळे वळतात, हा सगळीकडचा अनुभव. म्हणून हे मैदान मोकळेच राहील, एवढी खूणगाठ शहराने आताच बांधायला हवी.

महूचा मुकेश, बेळगावचा कोण?

छावणीच्या मैदानातून काय निघू शकते याचे उत्तर महूत मिळते. महू मराठी माणसाला ठाऊक आहे ते बाबासाहेबांचे जन्मगाव म्हणून. रामजी सकपाळ तिथल्या लष्करी शाळेत होते. त्याच छावणीच्या गोल्फ मैदानाने मुकेश कुमार हा खेळाडू दिला. देशांतर्गत व्यावसायिक स्पर्धा त्याने शंभराहून अधिक वेळा जिंकल्या आणि 2016 मध्ये, वयाच्या 51 व्या वर्षी, आशियाई टूरवरचे पहिले विजेतेपद पटकावले. दिल्लीचा अली शेर कॅडी होता, खेळाडूंच्या पिशव्या वाहायचा. 1991 मध्ये त्याने इंडियन ओपन जिंकली. बंगळूरचा मुनियप्पाही कॅडीच होता. 2009 ची इंडियन ओपन त्याच्या नावावर आहे. ज्यांच्या घरात गोल्फची काठीही परवडली नसती, त्यांना मैदानात पाऊल टाकायला मिळाले, एवढ्यावर हा इतिहास घडला.

सीमाभागात पोरांची वानवा नाही. भरतीसाठी पहाटे चार वाजता उठून महामार्गाच्या कडेने धावणारी पोरे निपाणीपासून खानापूरपर्यंत रोज दिसतात. मराठा रेजिमेंटच्या बॉइज स्पोर्ट्स कंपनीने खेड्यातली मुले उचलून कुस्तीत घडवली, हे आपण पाहतो आहोत. तसाच एक छोटा गट गोल्फचा का असू नये? आठवड्यातून एक सकाळ शाळांसाठी, माजी सैनिकांच्या आणि मैदानावर राबणाऱ्या कामगारांच्या मुलांसाठी ठेवली, जुन्या काठ्या त्यांच्या हाती दिल्या, तरी सुरुवात होईल. ऑलिंपिकमध्ये 2016 पासून गोल्फ परतला आहे. टोकियोत अदिती अशोकचे पदक एका फटक्याने हुकले. ती बंगळूरची, आपल्याच राज्यातली.

हे मैदान पाहायचे असेल तर एक लक्षात ठेवावे. ही संरक्षण खात्याची जागा आहे, सार्वजनिक बाग नव्हे. परवानगीशिवाय आत जाऊ नये, छायाचित्रे काढू नयेत. खेळायचे असल्यास रीतसर चौकशी करावी, ओळखपत्र जवळ असावे. कॉलरचा टी-शर्ट आणि योग्य बूट हा कोणत्याही गोल्फ मैदानाचा साधा नियम आहे. घरात निवृत्त अधिकारी असतील तर त्यांना आवर्जून विचारा, त्यांचा हक्क अनेकदा न वापरलेलाच पडून असतो.

लष्कराने हे मैदान राखले, याबद्दल बेळगावने कृतज्ञ असावे. आता लष्कराने आणि शहराने मिळून तीन गोष्टी कराव्यात : जमीन मोकळी ठेवावी, वर्गणीचे नियम आणि दर फलकावर लावावेत आणि सीमाभागातल्या मुलांसाठी एक फाटक उघडावे. ज्या गावांनी पलटणीला पिढ्यान्पिढ्या जवान दिले, त्या गावांच्या लेकरांचा या हिरवळीवर एवढा अधिकार नक्कीच आहे.